भ्रमराने नेलेला पराग : मराठी साहित्यपरंपरेतील मधुकर-प्रतिमा आणि ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील परागवाहकांचे संरक्षण

प्रास्ताविक

मराठी काव्यपरंपरेत ज्या मोजक्या कीटकांना मानाचे स्थान लाभले, त्यांत भ्रमर अग्रभागी आहे. भृंग, अली, षट्पद, द्विरेफ, मधुकर, मिलिंद अशी त्याची कितीतरी नावे संस्कृतातून मराठीत आली. त्यांपैकी मधुकर आणि मिलिंद ही तर घराघरांतील मुलांची नावे झाली. संतवाङ्मय, पंडिती काव्य, लावणी, भावकविता असा प्रदीर्घ प्रवास या प्रतिमेने केला आहे. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकांनी तिची नोंद 'कविसंकेत' या सदराखाली केली. एखादी गोष्ट संकेत ठरली की तिच्यामागील प्रत्यक्ष वस्तूकडे पाहण्याचे कारण उरत नाही, असा एक समज मराठीच्या अध्यापनात त्यामुळे रूढ झाला आहे. भ्रमर म्हणजे भुंगा, तो कमळावर भाळतो, एवढी टीप विद्यार्थ्याला पुरेशी मानली जाते.

प्रस्तुत निबंधात या समजाचा पुनर्विचार केला आहे. मराठी साहित्यपरंपरेला या कीटकाविषयी नेमके काय ठाऊक होते, काय ठाऊक नव्हते आणि जे ठाऊक नव्हते त्याची पोकळी आजच्या नागरी जीवनात मधमाश्यांविषयी जी भाषा बोलली जाते तीत कशी उतरली आहे, हे तपासणे हा निबंधाचा हेतू होय. प्रतिपादन थोडक्यात असे की, परंपरेने या जिवाला फुलापासून घेताना बारकाईने पाहिले. फुलाला देताना पाहिले नाही. मधमाश्यांच्या संरक्षणाचे आजचे प्रयत्नही बहुतांशी याच एकांगी दृष्टीचे वारस आहेत.

या विवेचनासाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा परिसर निवडण्यास कारण आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत भरले. ग्रंथाशी इतके जुने नाते असलेली ही शहरे एका बाजूने येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूने खाडीकाठची तिवरे आणि तिसऱ्या बाजूने मलंगगडाची रांग यांनी वेढलेली आहेत. ज्या कीटकाविषयी ग्रंथ बोलतात तो येथे अद्याप प्रत्यक्ष दिसतो. ग्रंथ आणि कीटक एकत्र वाचता येतील अशी ठिकाणे फार उरलेली नाहीत.

ज्ञानदेवांचे दोन भ्रमर

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात भ्रमर दोनदा भेटतो आणि हे दोन भ्रमर अगदी भिन्न आहेत. त्यांतील अधिक परिचित दृष्टांत अर्जुनाच्या मोहाच्या संदर्भात येतो. कसलेही कोरडे लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. प्राण गेला तरी चालेल, पण पाकळी चिरणे त्याला जमत नाही. स्नेह कोवळा असूनही किती कठीण असतो, हे सांगण्यासाठी हा दृष्टांत योजला आहे. टीकाकारांनी त्याच्या भावार्थावर पुष्कळ लिहिले. परंतु लाकूड पोखरणारा हा कीटक कोणता, हा साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

त्याचे उत्तर येऊरच्या पायथ्याशी एखाद्या वाळक्या फांदीवर मिळते. काळाभोर, अंगठ्याच्या पेराएवढा, जांभळट झाक असलेल्या पंखांचा जो भुंगा घुमत येतो, त्यालाच इंग्रजीत सुतारमाशी म्हणतात. त्याची मादी कोरड्या लाकडात वा बांबूत गोल भोक पाडून आत एकेक कप्पा करते, प्रत्येक कप्प्यात पराग आणि मकरंद यांचा गोळा ठेवून त्यावर अंडे घालते. हा कीटक मधमाश्यांचाच भाईबंद आहे. मात्र तो मोठ्या वसाहती करत नाही आणि माणसाला पुरेल असा मध साठवत नाही. म्हणजे सुमारे १२९० साली रचलेल्या ग्रंथातील हा दृष्टांत केवळ संस्कृत संकेताची पुनरुक्ती नाही. त्यात भुंग्याच्या घरट्याचे प्रत्यक्ष निरीक्षण आहे. दृष्टांताच्या उत्तरार्धात मात्र कवीने स्वातंत्र्य घेतले आहे, कारण प्रत्यक्षातील भुंगा पाकळी चिरण्याच्या बाबतीत मुळीच हळवा नसतो. लांब नळीच्या फुलाला बुडाशी चीर पाडून मकरंद चोरण्याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत तो चांगलाच बदनाम आहे!

कमळात रात्रभर कोंडला गेलेला कीटक हाही संकेत निराधार नाही. कमळाचे फूल रात्री मिटते आणि उमलण्याच्या दिवसांत स्वतः उष्णता निर्माण करते. बाहेरची हवा बरीच थंड असतानाही त्याचा गाभा सुमारे ३० ते ३६ अंश सेल्सिअस इतका उबदार राहतो, हे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. आत राहिलेले कीटक, विशेषतः भुंगेरे, त्या उबेत रात्र काढतात आणि फूल पुन्हा उमलले की पराग अंगावर घेऊन बाहेर पडतात. पहाट होण्यापूर्वी हत्ती येऊन कमळ उपटतो आणि आतला भ्रमर मरतो, अशी शोकात्म कल्पना संस्कृत सुभाषितकारांनी अजरामर केली. वस्तुतः त्या बंदिवासात फुलाच्या वंशवृद्धीची सिद्धता चाललेली असते. परंपरेने घटना अचूक टिपली. तिचा अर्थ मात्र एकाच पात्राच्या बाजूने लावला.

ज्ञानदेवांचा दुसरा भ्रमर अधिक महत्त्वाचा आहे. ग्रंथ कसा सेवावा हे सांगताना ते म्हणतात त्याचा आशय असा की, भ्रमर पराग नेतात आणि कमळाच्या पाकळ्यांना त्याची जाणीवही होत नाही. श्रोत्याने त्या रीतीने ग्रंथाजवळ जावे. येथे क्रियापद 'पिणे' नाही, 'चाखणे' नाही, 'नेणे' आहे. आणि नेला जातो तो मध नसून पराग आहे. मराठीच्या आरंभकाळातच पराग एका जागेहून उचलला जातो, ही नोंद झाली आहे. तो पुढे कोठे नेला जातो, हा प्रश्न तेथे येत नाही. तो यावा अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. वनस्पतींत स्त्रीपुरुषभेद असतो हे युरोपात कामेरारिउसने १६९४ साली प्रयोगाने मांडले आणि फुलांची रचना व कीटकांचे येणेजाणे यांचा संबंध श्प्रेंगेलच्या १७९३ सालच्या ग्रंथात प्रथमच सविस्तर आला. तेव्हा तेराव्या शतकातील कवीकडे उत्तर नव्हते, ही उणीव नव्हे. विसाव्या शतकानंतरच्या वाचकाने आणि अध्यापकाने ते उत्तर दृष्टांताशेजारी आणून ठेवले नाही, ही उणीव आहे.

माधुकरी आणि मधुहा

भ्रमर फुलाला न दुखवता रस घेतो, त्याप्रमाणे साधूने गृहस्थाला भार न होता भिक्षा घ्यावी, हा विचार भारतीय परंपरेत फार जुना आहे. धम्मपदाच्या पुप्फवग्गात तो आहे. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंतही तो आहे, आणि एकनाथांच्या टीकेमुळे तो मराठी माणसाच्या ओळखीचा झाला. एकनाथी भागवत १५७३ साली काशीत पूर्ण झाले. याच विचारातून 'माधुकरी' हा शब्द आणि ती प्रथा महाराष्ट्रात रुजली. पाच घरी थोडे थोडे मागून शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिच्यावर वाढल्या. शिक्षणाच्या इतिहासात कीटकाचे नाव धारण करणारी दुसरी एवढी मोठी संस्था दाखवता येणे कठीण आहे.

अवधूताच्या गुरूंची यादी नीट वाचली की एक गोष्ट विशेष लक्षात येते. तेथे या विषयाशी संबंधित तीन पाठ आहेत. थोडे थोडे घेणारा भ्रमर हा आदर्श आहे. साठवणारी मधमाशी हा इशारा आहे, कारण संचय करणारी संचयासह नष्ट होते. आणि तो संचय काढून नेणारा मधुहा, म्हणजे मध काढणारा माणूस, हाही एक गुरूच आहे. दुसऱ्याने कष्टाने जमविलेले आपल्याला आयते कसे मिळते, हे तो शिकवतो. अध्यात्माच्या चौकटीत या तिन्ही पाठांना आपापला अर्थ आहे आणि त्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. तथापि समीक्षेच्या दृष्टीने पाहता या व्यवस्थेत मधमाशीच्या संचयाला लोभाचे रूप आले, आणि तिला लुटणारा मात्र निर्दोष राहिला, हे नोंदवले पाहिजे.

कोकणच्या ऋतुमानात हा निवाडा टिकत नाही. ठाणे जिल्ह्यात आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस पाऊस उसंत देत नाही. बहुतेक झाडांचा बहर संपलेला असतो, उमललेल्या फुलांतील मकरंद धुऊन जातो, माशीला बाहेर पडता येत नाही. सातेरी माशीची वसाहत त्या काळात जगते ती उन्हाळ्यात साठवलेल्या मधावर. तो संचय म्हणजे पावसाळ्याची बेगमी होय. शेतकरी ज्याप्रमाणे पावसाळ्यापूर्वी घरात धान्य, लाकूडफाटा, सुकी मासळी भरून ठेवतो त्याहून यात निराळे काही नाही. पावसाच्या तोंडावर सगळे पोळे पिळून काढणारा मधुहा त्या वसाहतीची उपासमार ओढवून घेतो. चातुर्मासाचे नियम ज्या परंपरेने इतक्या काटेकोरपणे आखले, तिला मधमाशीचा चातुर्मास दिसू नये, हे थोडे नवलाचे आहे.

माधुकरीच्या रूपकातील खरी त्रुटी याहून खोल आहे. या रूपकात भ्रमराचा सर्वोच्च गुण म्हणजे तो इजा करत नाही. फूल जसे होते तसेच राहते. पण भ्रमर येऊन गेल्यावर फूल जसेच्या तसे राहत असते, तर त्याला फळ धरले नसते. दुधी, काकडी, कारले, शिराळे, भोपळा या वेलींवर नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे असते. मुरबाड-शहापूरच्या मांडवावरून जी भाजी कल्याणच्या बाजारात उतरते, तिच्यातील प्रत्येक काकडीमागे कोणत्या तरी कीटकाने एका फुलातून दुसऱ्या फुलात नेलेला पराग असतो. मादीफुलाला पुरेसा पराग मिळाला नाही तर फळ वाकडे वाढते किंवा कोवळेपणीच गळते. याचा अर्थ भिक्षेकऱ्याने भिक्षा घेतली आणि जाताना घराला वंश देऊन गेला, असा होतो. जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक पिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत, आणि रानातील फुलझाडांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ९० टक्के आहे. इतक्या मोठ्या देण्याला माधुकरीच्या रूपकात जागाच नाही.

चंचल प्रियकर, गुंजारव आणि चाफा

शृंगारकाव्यात भ्रमर चंचल पुरुषाच्या भूमिकेत येतो. या फुलावरून त्या फुलावर जाणारा, म्हणून अविश्वासू. 'भ्रमरवृत्ती' हा शब्द आजही निंदेनेच वापरला जातो. जीवशास्त्राच्या कसोटीवर या भूमिकेचे दोन्ही आधार ढासळतात. फुलांवर मध आणि पराग गोळा करणाऱ्या मधमाश्या सर्वच्या सर्व माद्या असतात. नर त्या कामास जात नाहीत. शिवाय कामकरी माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांना भेट देते. ही फुलनिष्ठा ॲरिस्टॉटलच्याही लक्षात आली होती. ती नसती तर तिळाचा पराग तुरीवर आणि तुरीचा कारल्यावर पडून सगळाच व्यवहार फुकट गेला असता. ज्या वर्तनाला काव्याने चंचलपणा म्हटले, ते एकनिष्ठेचे उदाहरण ठरते, आणि ज्याला प्रियकर म्हटले ती एक कष्टकरी स्त्री निघते. स्त्रीवादी समीक्षेने या प्रतिमेकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते.

गुंजारवाची कथाही अशीच आहे. भ्रमराचे गुणगुणणे हे प्रेमगीत मानले गेले. वांग्याच्या फुलाकडे मात्र या आवाजाचा निराळाच उपयोग आहे. वांगे, टोमॅटो यांच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि पराग आतच राहतो. भुंगा फूल घट्ट धरतो, पंख मिटून ठेवतो आणि छातीचे स्नायू इतक्या वेगाने थरथरवतो की छिद्रांतून पराग धुरळ्यासारखा बाहेर उडतो. त्या क्षणी त्याचा उडतानाचा घुमणारा आवाज बदलून चढा होतो, हे कान देऊन ऐकल्यास कळते. पोळ्यातल्या मधमाशीला ही कला अवगत नाही. बहाव्याच्या पिवळ्या घोसांवर वैशाखात जी घूं-घूं चालते, तिच्यातही हेच थरथरणे असते. गुंजारव हे गाणे आहे की काम, असा प्रश्न कवीला पडण्याचे कारण नव्हते. वाचकाला तो पडला तर काव्यानंद कमी होईल असे मानण्याचेही कारण नाही.

चाफ्याकडे भ्रमर जात नाही हा संकेत तर सर्वांना पाठ आहे. त्यावर रुसवा, मान, वैराग्य अशा अनेक कल्पना रचल्या गेल्या. सोनचाफा ज्या मॅग्नोलिया कुळातला आहे, ते कुळ सपुष्प वनस्पतींत फार प्राचीन मानले जाते, आणि त्यातील फुलांचे परागीभवन मुख्यत्वे भुंगेऱ्यांकडून होते. भ्रमर तेथे फारसा फिरकत नाही, हे निरीक्षण म्हणूनही मोलाचे आहे.

आधुनिक काव्यात चित्र पालटले काय? बालकवींच्या 'फुलराणी'त फुलाचा विवाह सूर्यकिरणाशी लागतो. कवितेचे सौंदर्य वादातीत आहे आणि तिच्याकडे वनस्पतिशास्त्राचा धडा मागणे हा अरसिकपणा होईल. तरीही, फुलाच्या लग्नाची मराठीतील सर्वांत लाडकी कविता प्रकाशाला नवरदेव करते, ही गोष्ट सूचक आहे. पराग येथे संकेतातूनही बाहेर गेला. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'ने मराठी निसर्गलेखनाला संकेतांपासून सोडवून महिन्यामहिन्याच्या प्रत्यक्ष दर्शनाकडे वळवले. मारुती चितमपल्ली यांनी अरण्यातील माणसांची शब्दसंपत्ती 'पक्षिकोशा'सारख्या ग्रंथांतून लिखित मराठीत आणली. या दोघांनी घालून दिलेल्या वाटेने कीटकांपर्यंत पोहोचणे हे पुढील पिढीचे काम होते. ते अद्याप तुरळकच झाले आहे.

मधाच्या भाषेचे वर्चस्व

'मधमाशी' हा शब्दच तिच्या उत्पादनावरून पडला आहे. शासकीय व्यवहारातही तीच दृष्टी दिसते. महाबळेश्वरचे मध संचालनालय १९४६ पासूनचे, पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ ची. या संस्थांनी सातेरी माशी पेटीत पाळण्याचे शास्त्र डोंगरी गावांपर्यंत नेले, हे त्यांचे मोठे कार्य आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. केंद्राच्या २०२० सालच्या योजनेच्या नावातही मध आहे, आणि तिच्या प्रचारात 'गोड क्रांती' हा शब्दप्रयोग सर्रास येतो. या कार्याचे मोल कमी लेखायचे नाही. तथापि जगात मधमाशीवर्गातील सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य एकट्या राहतात, जमिनीत वा लाकडात घर करतात आणि माणसाला थेंबभरही मध देत नाहीत. मधाच्या भाषेत त्यांना नावच मिळत नाही. आणि ज्याला नाव नाही त्याच्या संरक्षणाचा ठराव कोणत्याही महापालिकेत येत नाही.

नावाचे सामर्थ्य किती असते, याचे उदाहरण ठाण्यातच आहे. घोडबंदर रस्त्यावर ओवळा येथे ओवळेकर वाडी आहे. तेथे राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या शेतजमिनीवर फुलपाखरांची खाद्यझाडे लावली, आणि आज त्या वाडीत शंभराहून अधिक जातींची फुलपाखरे नोंदली गेली आहेत. महाराष्ट्राने २०१५ साली 'ब्लू मॉरमॉन' या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याला 'नीलवंत' असे देखणे मराठी नाव मिळाले. पुढे अनेक जातींची मराठी नावे रूढ करण्याचे प्रयत्न झाले. रविवारी वाडीत येणारे शाळकरी मूल आता फुलपाखराला नावाने ओळखते. त्याच वाडीच्या कुंपणावर घुमणाऱ्या भुंग्याला मात्र ते 'भुंगा' एवढेच म्हणते, आणि बहुधा घाबरते.

परंपरेने चालत आलेली जी नावे आहेत, ती शहराच्या कानी पडत नाहीत. मुरबाड-शहापूरकडील कातकरी, ठाकर समाजांत आणि कोकणातील शेतकऱ्यांत आग्या, सातेरी, फुलोरी, पोया ही नावे सहज वापरात आहेत. उंच झाडाला वा कड्याला एकच प्रचंड पोळे टांगणारी आग्या, अंधाऱ्या ढोलीत समांतर पोळी बांधणारी सातेरी, झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी, डंख नसलेली चिमुकली पोया. ही नावे म्हणजे स्वभाव, घर आणि धोका यांचे वर्गीकरण आहे. मध काढताना कोणत्या पोळ्याकडे कसे जायचे, किती मागे ठेवायचे, हे ज्ञान या नावांना चिकटलेले आहे.

नागरी संकुलांत यांपैकी एकच नाव पोहोचले आहे, आणि तेही भीतीच्या रूपाने. ठाण्याच्या उंच इमारतींच्या सज्ज्याखाली किंवा पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागते, याचे कारण आग्याच्या दृष्टीने बाविसावा मजला हा कडाच असतो. सोसायटीची तातडीची बैठक होते, कीटकनाशक फवारणाऱ्याला बोलावले जाते, रात्री फवारा मारला जातो आणि सकाळी वाहनतळावर हजारो माश्यांचा खच पडतो. भीती अनाठायी नाही. डिवचलेले आग्या मोहोळ जिवावर बेतू शकते, विशेषतः लहान मुले आणि वृद्ध यांच्या. मात्र आग्या माशी स्थलांतर करणारी आहे, परिसरातील बहर ओसरला की ती पोळे सोडून निघून जाते, हे बैठकीत कोणी सांगत नाही. तेवढे दिवस त्या सज्ज्याचे दार बंद ठेवणे, रात्री त्या बाजूचे प्रखर दिवे मालवणे, कारण दिव्यांकडे ती ओढली जाते, आणि खाली फटाके वा धूर न करणे, एवढ्याने बहुतेक प्रसंग निभावतात. ज्या ठिकाणी ते शक्य नसते, तेथे माश्या न मारता पोळे हलविणारे प्रशिक्षित लोक आता मिळू लागले आहेत; पुण्यात 'बी बास्केट'ने हे काम परिचित केले. बैठकीत बसलेल्या सुशिक्षितांपैकी कितीतरी जणांनी महाविद्यालयात ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय अभ्यासलेला असतो.

संरक्षण : पेटी की जागा

शहरात मधमाश्या वाचवायच्या म्हणजे गच्चीवर पेट्या ठेवायच्या, ही कल्पना अलीकडे लोकप्रिय होत आहे. हौस म्हणून ती ठीक. संरक्षण म्हणून अपुरी, आणि क्वचित उलटीही. बाहेरून आणलेल्या मेलिफेरा माशीच्या दाट वसाहती मर्यादित फुलोऱ्यावर तुटून पडल्या तर स्थानिक माश्यांच्या वाट्याचे अन्न कमी होते. कोंबड्या पाळून रानपाखरे वाचत नाहीत, तसेच हे आहे.

परागवाहकांना मुख्यतः दोन गोष्टी लागतात : वर्षभर फुले आणि घर करण्याजोगी जागा. पहिलीचा विचार निदान वृक्षारोपणाच्या निमित्ताने होतो, दुसरीचा होतच नाही. जमिनीत घर करणाऱ्या माशीला उघडी, न खणलेली, थोडी उन्हाची माती लागते. डोंबिवलीच्या नव्या संकुलांत पेव्हर ब्लॉक भिंतीपासून भिंतीपर्यंत पोहोचले आहेत आणि झाडाच्या बुंध्यालाही सिमेंटचा गळफास बसला आहे. भुंग्याला वाळके लाकूड लागते. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत तेच प्रथम जाते. सातेरीला ढोली लागते. ढोली असलेले झाड धोकादायक ठरते. पडण्याचा धोका असेल तेथे फांदी तोडलीच पाहिजे. परंतु तोडलेला ओंडका कचरागाडीत न टाकता उद्यानाच्या कोपऱ्यात, ओलीपासून उचलून ठेवला, तर भुंग्याला घर मिळते आणि पालिकेचा वाहतुकीचा खर्चही वाचतो. डासांसाठीची धूरफवारणी फुललेल्या झाडांवर न करता आणि अंधार पडल्यावर करणे, हे खर्चाशिवाय होण्यासारखे आहे.

फुलांच्या बाबतीत शोभेच्या परदेशी झुडपांपेक्षा उकिरड्यावरची रुई अधिक उपकारक आहे. रुईच्या फुलात परागाच्या जुळ्या पिशव्या असतात; त्या उचलून दुसऱ्या फुलात नेण्याचे बळ आणि आकार भुंग्यापाशीच आहे. कल्याण-डोंबिवलीच्या लोहमार्गालगत ही झुडपे अजून टिकून आहेत आणि शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडणारी माळ त्यांचीच असते. करंज, शेवगा, सावर, बहावा, खाडीकाठी तिवर, सज्ज्यात कृष्णकमळ आणि तुळस, एवढ्या झाडांनी वर्षाचा बराच भाग भरून निघतो. तुळशीच्या मंजिऱ्या सर्वच्या सर्व खुडून देवाला न वाहता काही झाडावर राहू दिल्या, तर दुपारच्या उन्हात फुलोरी आणि पोया तेथे हमखास येतात. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात; त्या तलावांचे काठ बांधून काढताना पाणवनस्पतींची पट्टी कोठेतरी ठेवली असती, तर कमळाचा दृष्टांत दाखवायला विद्यार्थ्यांना फुलबाजारात न्यावे लागले नसते.

महाविद्यालयांकडे या बाबतीत दोन गोष्टी आहेत ज्या सोसायटीकडे नाहीत : मोकळी जागा आणि एकाच छपराखाली असलेले मराठी व वनस्पतिशास्त्र हे विभाग. हे विभाग बहुधा वेगवेगळ्या मजल्यांवर असतात आणि वार्षिक संमेलनातच भेटतात. मराठीच्या विद्यार्थ्याने ठाकर, कातकरी, आगरी वस्त्यांतून माश्या, भुंगे, कुंभारीण, भुंगेरे यांची नावे आणि त्यांविषयीच्या म्हणी, उखाणे, समजुती जमवाव्यात, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या नावामागची जात ओळखावी, आणि दोघांचे नाव एकाच प्रकल्पावर असावे, याला विद्यापीठाच्या कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. पाठ्यपुस्तकातील 'भ्रमर : भुंगा' या टिपेच्या जागी सुतारमाशीचे घरटे, तिचा थरथराट आणि तिने नेलेला पराग यांविषयी चार ओळी आल्या, तर ज्ञानदेवांच्या दृष्टांताची धार वाढेलच.

अशा नोंदींसाठी एक काळ निसर्गानेच ठरवून दिला आहे. येऊरला आणि एकूणच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात कारवी आठ वर्षांतून एकदा सामुदायिक फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ साली भाद्रपदाच्या सुमारास डोंगरउतार जांभळे झाले होते. पावसाने उपाशी ठेवलेल्या माश्यांना त्या एका मोसमात अमाप मकरंद मिळतो. आदिवासी पाड्यांत कुडाच्या भिंती ज्या काठ्यांच्या असतात, त्या याच कारवीच्या. एका फुलोऱ्यानंतर झुडूप वाळते आणि बी पुढच्या पिढीची सुरुवात करते. पुढचा बहर २०३२ साली अपेक्षित आहे. तोपर्यंत येऊरच्या पायथ्याशी आणखी किती मजले चढतील, हे नगररचना विभागाच्या नकाशांत आधीच लिहिलेले आहे. त्या उतारावर त्या वेळी कोणत्या माश्या येतात याची तुलना करण्यासाठी आजच्या माश्यांची यादी मात्र आताच करावी लागेल.